उंचीचा सत्कार

ओतूरच्या शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता आणि फलकावर उज्ज्वलाच्या नावाखाली तिची उंचीही रंगवली होती, सहा फूट एक इंच. बोरी बुद्रुकची ही पोर चौदा वर्षं रेल्वेकडून बास्केटबॉल खेळली, देशाच्या संघात गेली आणि आता, दोन हजार चार साली, एकतिसाव्या वर्षी निवृत्त झाली. ती का थांबली, हे मांडवात दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि तिच्या थोरल्या भावाला, सुदर्शनला.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिला पडद्यावर तिचं काळीज दाखवलं होतं. तिथून निघणारी मोठी रक्तवाहिनी सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी फुगली होती. "पळायचं नाही. उडी तर नाहीच," डॉक्टर म्हणाले. मग तिची लांबसडक बोटं निरखून त्यांनी विचारलं, "अशी उंची आणि हा आजार कधी कधी जोडीनं घराण्यातून येतात. घरात आणखी कोणी असं आहे?"

वडील होते. कांद्याला पाणी देता देता बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. वय बेचाळीस. गावानं बाहेरची बाधा म्हणून विषय मिटवला होता. सुदर्शनही तसाच उंच, आणि त्याची लेक श्रेया सोळाव्या वर्षीच उंचीनं आत्याच्या कानापर्यंत पोचली होती.

सकाळी उज्ज्वलानं भावाला गाठलं. "भाऊ, महिना झाला सांगून. पोरीला दाखवलं का?"

"बभ्रा झाला तर तिला कोण करंल?" सुदर्शन खाली बघत म्हणाला. "चांगली धडधाकट हाय ती. आजचा दिस तोंड मिटून ऱ्हा."

आणि ती राहिली. शाल, नारळ, हार, सगळं घेतलं. तिला पहिल्यांदा हातात बॉल देणारे दादाभाऊ सर भाषणाला उठले. "उंची या घराच्या रक्तात हाय," ते म्हणाले. "एक थांबली, दुसरी तयार हाय. आता सामन्यात श्रेयाचा खेळ बघा."

टाळ्या पडल्या. मैदानाच्या कडेला श्रेया बुटाची नाडी बांधत होती. मधेच तिनं छातीवर तळवा दाबला. उज्ज्वला उठून तिच्यापाशी गेली.

"काय होतंय गं?"

"काय न्हाई आत्या. धडधडतं मधनंमधनं. लई दिस झालं."

शिट्टी वाजली. श्रेया पळाली, बॉल घेऊन वर झेपावली, आणि उज्ज्वलानं मांडवात परत येऊन सरांच्या हातातला माईक घेतला.

"सर, खेळ थांबवा." आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मी दमले म्हणून सोडलं नाही. माझ्या काळजाची नस फुगलीय. आमच्या वडलांना तेच झालं असणार. श्रेयाला तपासल्याशिवाय ती खेळणार नाही."

सुदर्शन मान खाली घालून उठला आणि फाटकाबाहेर निघून गेला. श्रेयानं बॉल आपटला. "तू चौदा वर्षं खेळलीस," ती म्हणाली, "आणि माझी पाळी आली तवा थांबवलंस."

तरी दुसऱ्या दिवशी ती एस्टीत बसली. पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, उड्या कायमच्या बंद केल्या आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत. मात्र हे हिच्या वडिलांकडून आलेलं दिसतंय. त्यांना लगेच पाठवा."

परतीच्या वाटेवर श्रेयानं आत्याचा हात धरला तो आळेफाटा येईस्तोवर सोडला नाही.

स्टँडवर सुदर्शन मोटरसायकल घेऊन उभा होता. बहिणीकडे न बघता त्यानं लेकीला विचारलं, "काय म्हणलं डॉक्टर?"

"अण्णा," श्रेया हळू म्हणाली, "उद्या तुमाला बोलावलंय."

किकवर ठेवलेला पाय त्यानं तसाच खाली घेतला. कपाळावर घाम आला होता. "गाडी ऱ्हाऊ दे हितंच," तो म्हणाला. "जरा बसतो."