एकशे सत्तर अंशांवर

क्रांतीने खुर्ची अर्धी फिरवली, हेडसेट डोळ्यांवर घट्ट दाबला आणि ती श्वास रोखून ऐकू लागली. चित्रातले शाहीर बाळासो आता तिच्या पाठीशी गेले होते. समोर होती त्यांची बायको, ललिताकाकी, तुणतुणं छातीशी धरून उभी. खुसफुस तिथूनच येत होती.

तिने ढोलकीचा आवाज बंद केला, मग झांजेचा. राहिलेला आवाज कुजबुजीचा असला तरी शब्द न् शब्द लागत होता. काकी प्रत्येक ओळ शाहिरांच्या आधी म्हणत होत्या. क्रांतीने कागदावर आकडे मांडले. दर वेळी साधारण दीड सेकंद आधी.

फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर ती ‘चंद्रकोर म्युझिक’मध्ये लागली, त्याला आठ महिने झाले होते. शाहुपुरीतली ही कंपनी आधी कॅसेट काढायची, मग सीडी, मग यूट्यूब. आता मालक सम्राटदादांच्या डोक्यात व्हीआर शिरलं होतं. हेडसेट लावला की माणूस थेट फडाच्या मधोमध उभा. कंपनीचा व्हीआर विभाग म्हणजे क्रांती, तिचा संगणक आणि आठ भिंगांचा तो कॅमेरा. आज चार वाजता हैदराबादचे पाहुणे नमुना बघायला येणार होते. त्यांना पटलं तर विभाग राहणार, नाहीतर क्रांतीला दुसरं दार शोधावं लागणार.

एरवी काकी शाहिरांच्या उजव्या खांद्यामागे उभ्या राहत, कानापासून वीतभर अंतरावर. चंदगडच्या शूटिंगला क्रांतीनेच सगळ्यांना पांगवलं होतं. या कॅमेऱ्याला मागची बाजू नव्हती, तो चहूकडे एकाच वेळी बघायचा. म्हणून तिने अंगणात खडूने वर्तुळ आखलं. पुढे शाहीर, डावीकडे ढोलकीवाला गुंडू, उजवीकडे ध्रुवपद उचलून झील धरणारा आकाराम आणि पार मागे काकी.

“तिला हिकडंच ऱ्हाऊ दे की,” शाहीर तेव्हा कुरकुरले होते.

“काका, मग मागं मोकळं दिसतंय.”

काकी खुणेवर उभ्या राहिल्या खऱ्या, पण मध्ये कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी आडवी येत होती. नवऱ्याचं तोंड दिसावं म्हणून त्या दहा अंश बाजूला, एकशे ऐंशीवरून एकशे सत्तरवर सरकल्या. आठ फुटांवरून सांगायचं म्हणजे आवाजही थोडा चढवावा लागला. साध्या माइकने तो गिळला असता. क्रांतीचा माइक मात्र आवाज कुठल्या दिशेने आला तेही टिपून ठेवायचा.

तिला वाटलं होतं, वय झालं, शाहिरांना ओळी आठवत नसतील. तेवढ्यात चौथं कडवं आलं. रस्त्यावरून एसटीचा भोंगा वाजला. छापील कागदावर पुढची ओळ काजूच्या मोहराची होती. दोन सेकंद काकींकडून काहीच ऐकू आलं नाही. मग कुजबुज आली, आणि तिच्या पाठोपाठ शाहिरांचा खणखणीत आवाज:

“एष्टीबाई, थांब जरा, दम तरी खा,
कडव्याचं तिकीट काढ, मगच पुढं जा!”

अंगणातली माणसं हसली, टाळ्या पडल्या. क्रांतीने हेडसेट काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं प्रत्येक कॅसेटवर बाळासोंच्या नावाआधी एकच शब्द छापला जात होता, शीघ्रकवी.

ती उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली. चहा गार झाला होता, तरी एक घोट घेतला. तेवढ्यात सम्राटदादांनी दारातून डोकं घातलं.

“झालं का न्हाय? चारला पावणं दारात उभारणार.”

“मागनं एक आवाज येतोय, दादा.”

“मग काढ की त्यो. तुला घेतलंय कशाला?”

“साधा आवाज न्हाय. काकी बोलायल्यात.”

“बायका बोलायच्याच,” ते हसले. “एष्टीच्या कडव्याला मात्र हात लावू नगंस. त्यावरच पावणं गार होणार. असा शीघ्रकवी दुसरा दावा म्हणतो मी!”

क्रांतीने तोंड उघडलं, पण ते जिना उतरत होते.

तिने दुसरी फाईल केली. एकशे सत्तर अंशांवरचा आवाज निवडून दाबायला तासभर गेला. काम साफ झालं. आता काकींचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. क्रांतीने ते एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, मग उगीचच वायरी काढून परत जोडल्या. पहिली फाईल पुसायला बोट गेलं आणि तिने ते मागे घेतलं.

तीनच्या सुमारास शाहीर वर आले. काकी खाली बाकावर बसल्या होत्या, एसटीच्या प्रवासाने त्यांचं डोकं धरलं होतं. शाहिरांच्या हातात फेट्याची पिशवी होती, ती ते ह्या हातातून त्या हातात घेत होते.

“पोरी, ह्या डब्यात मागचं बी येतंय म्हणं?”

“येतं, काका.”

“समदं?”

“समदं.”

त्यांनी दार लोटून घेतलं. बसले, लगेच उठले.

“म्हंजे ऐकलीस तू.”

क्रांतीने मान हलवली.

“पयल्यांदा गारगोटीला अडलो हुतो. पाचशे माणूस म्होरं, आन् तोंडात शबुद न्हाय. मागनं हिनं पुरवला. मग मला अडायची सवयच लागली.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “पंधरा दीस झालं, डोळ्याला डोळा न्हाय. चारचौघात कळलं तर काय ऱ्हायलं माझं? काढता येतंय न्हवं?”

“काढलोय.”

“मग तिच्या जाग्यावर काय ठेवलीस?”

“काही नाही. शांतता.”

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. “दाव बघू.”

क्रांतीने त्यांना हेडसेट चढवला, पट्टा आवळला आणि दुसरी फाईल लावली. ते काय बघतात ते तिच्या पडद्यावर दिसत होतं. आधी त्यांनी स्वतःला बघितलं. मुंडासं, डफ, फुगलेली छाती. त्यांची मान ठेक्यावर डोलू लागली. मग ते हळूहळू वळले. खुर्ची करकरली. गुंडू गेला, अंगणातली माणसं गेली, आणि ललिताकाकी आल्या.

काकी कुणाकडेच बघत नव्हत्या. भोंगा वाजला. त्यांची उजवी भुवई वर गेली, नजर कौलांवर टेकली, बोटं तुणतुण्यावर थबकली. मग ओठांच्या कोपऱ्यात एक मिश्कील हसू आलं, अगदी तरण्या पोरीसारखं, आणि ओठ हलू लागले. कसलाही आवाज न करता. पाठोपाठ कुठूनतरी लांबून शाहिरांचा आवाज आला, एष्टीबाई, थांब जरा.

गाणं संपलं आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झालं. शाहीर पुढे वळले नाहीत.

“काका?”

“अशी हसती व्हय ती,” ते म्हणाले. “कडवं सुचलं की.”

क्रांतीने ढोलकीचा आवाज थोडा कमी केला.

“मला कसं दिसणार, पोरी? मी कायम म्होरं. त्या दिशी बी नजर डब्यावरच.”

त्यांनी स्वतःच हेडसेट उतरवला आणि आतल्या काचा उपरण्याने पुसून दिल्या.

“दोन्ही फायली हायत,” क्रांती म्हणाली. “कुठली लावू?”

शाहीर पिशवीतून फेटा काढत होते. खाली गाडीचं दार वाजलं.

पाहुणे तिघे होते; त्यांच्या मागोमाग काकीही वर आल्या. सम्राटदादांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, हिंदीत कंपनीची महती सांगितली आणि मोबाईलवर व्हिडिओ काढायला कोपऱ्यात एकाला उभं केलं. क्रांती संगणकापाशी उभी होती. पडद्यावर दोन फायली शेजारी शेजारी होत्या.

“मशीन नंतर दाखवतो,” सम्राटदादा म्हणाले. “आधी अस्सल माल बघा. शाहीर, पावण्यांवर एक कडवं होऊन जाऊ दे. आत्ताच्या आत्ता!”

बाळासोंनी डफ उचलला. काकी दाराजवळून पुढे आल्या, तुणतुणं घेतलं आणि कुणी न सांगता त्यांच्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. डफावर थाप पडली, एक, दोन. पाहुणे सावरून बसले.

तिसरी थाप मारता मारता बाळासो वळले. पाहुण्यांकडे त्यांची पाठ झाली. सम्राटदादांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. काकी गोंधळून अर्धं पाऊल मागे सरल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या,

“अवो, पावणं तिकडं हायती.”

“हायती की,” बाळासो म्हणाले. डफ थांबला नव्हता. “तू म्हण. मी झील धरतो.”