अळ्यांचे मास्तर

वडील गेल्यावर विसाव्या दिवशी ती प्रयोगशाळेत त्यांच्या टेबलाशी बसली. तिथे त्यांना सगळे ‘अळ्यांचे मास्तर’ म्हणत. फळमाशीच्या तांदळाच्या कणीएवढ्या अळ्यांना ते वास शिकवत. एका बशीत साखर आणि एक वास, दुसरीत साखरेविना दुसरा वास. मग कोऱ्या बशीच्या दोन टोकांना दोन्ही वास लावायचे आणि अळ्या कुठे वळतात ते मोजायचं. इतरांच्या अळ्या दोन तासांत धडा विसरत. मास्तरांच्या मात्र दुसऱ्या दिवशीही साखरेच्या वासाकडेच जात. त्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा शोधनिबंध उभा होता आणि त्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, मास्तरांचं नाव छापून येणार होतं. फक्त दुसऱ्या कुणीतरी प्रयोग करून दाखवायचा होता. ती शेजारच्याच टेबलावर काम करायची. तिने तो मागून घेतला.

महिना उलटला. तिच्या अळ्या सगळं विसरत होत्या.

“तुझ्या वर्गात सगळे ढच भरलेत वाटतं,” बशा धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. “मास्तर लाडावून ठेवायचे. तोंडातल्या कुंचल्याने उचलायचे त्यांना.”

“तोंडातल्या?”

“अगं, साखरेने केस चिकटतात ना. ओठात धरून टोक काढायचे. मी म्हटलं, मास्तर, किडे खाता काय! तर नुसते हसले. गालात लवंग धरलेली.”

“लवंग कशाला?”

मावशींचे हात साबणाच्या पाण्यात थांबले. “दाढ दुखते म्हणायचे. घरी बोलू नका म्हणाले होते गं.”

साखरेच्या बशीचा कुंचला वेगळा होता, आणि परीक्षेच्या वेळी त्या बाजूचा वास मास्तर त्याच कुंचल्याने लावत. दुसरा चिकटतच नसे, त्यामुळे तो ओठांपर्यंत जाण्याचं कारण नव्हतं. तिने लवंगेचं पाणी केलं आणि साखरेबरोबर तेच शिकवलं. दुसऱ्या दिवशी पन्नासांतल्या त्रेचाळीस अळ्या लवंगेकडे सरकल्या. न शिकवलेल्या तिच्या वाटेलाही गेल्या नाहीत. बाईंनी निवडलेला वास कुणी शिकलंच नव्हतं.

मग तिने जुन्या वह्या काढल्या. वर्षानुवर्षं तेच आकडे, आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारपासून अचानक चढलेले. म्हणजे लवंग तेव्हापासून. वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं, असं तोंडाचा कर्करोग सापडला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. वडील जेवताना घास पाण्यात भिजवू लागले तेव्हा तिने त्यांना चिडवलं होतं, दात नसलेलं बाळ म्हणून. रोज समोर बसून.

बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे आपल्या दोघींतच राहिलं तर? निदान त्यांचं नाव तरी येईल.”

तिला ते हवं होतं. 

“त्यांनी एक आकडा कधी फिरवला नाही, बाई. मीच कशी फिरवू?”

बाईंनी कोरा कागद ओढला. “निबंध मागे घेण्याचं कारण काय लिहू?”

“साखरेच्या कुंचल्याला परका वास होता.”

“केव्हापासून?”

तिने त्या मंगळवारची तारीख सांगितली. बाईंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगावी लागली.