जवळ्यातला भुसा

भगवंतरावांच्या घरात भुसा कुठे सापडायचा ते विचारू नका, कुठे सापडत नव्हता ते विचारा. चहाच्या तळाशी भुसा, उशीच्या अभ्र्यात भुसा, आणि झाकण घट्ट लावलेल्या रव्याच्या डब्यातसुद्धा भुसा. एकदा शिरा खाताना आपण नेमका कशाचा शिरा खातोय, हे त्यांनी बायकोला, रखमाबाईंना, विचारलं नाही. शहाणपणा केला.

सगळं सुरू झालं ते देवामुळे. भगवंतराव मूळचे साताऱ्याकडचे. नोकरी सारी तारापूरच्या वीज केंद्रात, यंत्रांच्या देखभालीत गेली. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सुटलं आणि दोघांनी जवळच्याच कोळीवाड्याच्या टोकाला मागे पडवी असलेलं छोटं घर घेतलं. क्वार्टरच्या भिंतीत देवांना कोनाडा होता. इथे कोनाडा नाही, म्हणून देव बसले फ्रिजवर. फ्रिजचं दार उघडलं की विठोबा डुलायचा. "भाजी काढायची तर देवाला आधी धरावं लागतं," असं रखमाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

"देव्हारा मी करतो, सागवानाचा," भगवंतराव म्हणाले आणि त्या निमित्ताने त्यांनी टेबल सॉ आणला, म्हणजे चार पायांच्या टेबलातून पातं वर आलेली, उचलून कुठेही नेता येणारी विजेची करवत. खरं सांगायचं तर देव्हारा हे निमित्तच. निवृत्तीनंतरचे महिने त्यांना फार जड गेले होते. आयुष्यभर ज्यांच्या एका हाकेवर पंप सुरू व्हायचे, त्यांना आता घरात पाण्याची टाकी भरली का हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं. ओट्यावर बसून जाणाऱ्या रिक्षा मोजायच्या, एवढंच काम. करवत आली आणि माणूस पुन्हा माणसात आला.

पण ही करवत वरून टेबल आणि खालून उघडी. पातं फिरलं की भुसा खाली उडायचा, मागे उडायचा आणि उरलेला थेट कापणाऱ्याच्या तोंडावर. भगवंतरावांनी खाली गोणपाट बांधलं, ते मोटारीच्या वाऱ्याने फुगून सुटलं. मागच्या तोंडाला घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडला, त्याची जाळी तुंबली आणि तो दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. मग करवत आणि क्लीनर यांच्या मध्ये त्यांनी रंगाची रिकामी बादली बसवली. झाकणातून दोन पाइप, आत हवा गरगर फिरणार, भुसा बादलीत पडणार आणि नुसती हवा पुढे जाणार, असा बेत होता. बादलीचा बेत वेगळा होता. जाड तुसं तेवढी तिने ठेवून घेतली आणि बारीक भुकटी बिनदिक्कत पुढे पाठवली.

एके दिवशी ही भुकटी शेजारच्या काशीबाईंच्या दोरीवर वाळणाऱ्या बोंबलांवर जाऊन बसली. काशीबाई मेहेर कुंपणाशी आल्या. "रखमाबाय, माज्या बोंबलांना पावडर कोनी लावली? लगीन हाय का त्यांचं?"

काशीबाई हसत बोलल्या, पण रखमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या गावात त्यांची पहिली ओळख काशीबाईंचीच. हे माळकरी जोडपं मासळीला शिवत नाही हे कळल्यापासून काशीबाई कुंपणावरून वालाच्या शेंगा द्यायच्या, तेही हात धुऊन. रखमाबाई घरात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या भुशापायी काशीबाई पुन्हा कुंपणाशी आली, तर ती करवत भंगारात. देव फ्रिजवर राहतील. थंड राहतील."

भगवंतरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पुन्हा ओटा, पुन्हा रिक्षा. शेवटी त्यांनी नोकरीतलं ज्ञान बाहेर काढलं. जिथे घाण तिथली हवा दारातून बाहेर येऊ द्यायची नाही, सगळी एका तोंडाने ओढून काढायची. पडवीच्या उघड्या बाजूंना ताडपत्री लावली, पश्चिमेला तिच्यात खिडकी कापून एक्झॉस्ट पंखा बसवला आणि सकाळी उदबत्ती पेटवून वारा पाहिला. धूर सरळ समुद्राकडे गेला. काशीबाईंचं अंगण पूर्वेला. भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग न्याहारी केली, पेपर वाचला, थोडं पडले आणि दुपारी करवत सुरू केली.

आता सकाळचा वारा समुद्राकडे जातो आणि दुपारचा समुद्राकडून येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण भगवंतरावांची सारी हयात बंद खोलीत गेलेली, तिथे हवा बटण दाबल्यावर यायची. खिडकीतून गेलेला भुसा समुद्राने जसाच्या तसा साभार परत केला. तो कौलांवरून उडाला आणि काशीबाईंच्या अंगणात पसरलेल्या जवळ्यावर उतरला.

जवळा म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान कोळंबी. वाळल्यावर तिचा रंग अगदी सागाच्या भुशासारखा. करवत बंद करून भगवंतराव बाहेर आले आणि त्यांनी कुंपणावरून पाहिलं, तेव्हा भुसा कुठे संपतो आणि जवळा कुठे सुरू होतो हे कळेना. हा जवळा उद्या बोईसरच्या बाजारात जायचा होता. काशीबाई अजून घरी आल्या नव्हत्या, रखमाबाई आत पडल्या होत्या. काय करायचं ते आत्ताच.

त्यांनी नाकाला पंचा बांधला, लांब वायर ओढली आणि बादलीसकट व्हॅक्यूम क्लीनर घेऊन ते फाटकातून शेजारच्या अंगणात शिरले. नळी वीतभर वर धरायची, म्हणजे हलका भुसा तेवढा उचलला जाईल आणि जवळा जागेवर राहील, असा हिशेब. बटण दाबलं. जवळ्याने हिशेब मानला नाही. पाइपात खडखड खडखड सुरू झालं आणि बघता बघता अंगणाचा एक कोपरा साफ झाला, अगदी बुडासकट.

"अरे देवा!" म्हणत त्यांनी मशीन बंद केलं आणि बादलीचं झाकण उघडलं. सगळा जवळा आत. तो परत पसरायचा तर हात घालावा लागणार. जन्मात न शिवलेली वस्तू! डोळे मिटून त्यांनी मूठ भरली, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

"अगं बाय माजे!" डोक्यावरची पाटी काशीबाईंनी तशीच धरली होती. "भाऊ, गल्यात माल घालून जवला चोरता?"

"चोरत नाही हो, साफ..."

"साफच केला की! कोपराच रिकामा हाय! अवो, मागितला असता तं वाटीभर दिला असता मी. त्याला मशीन कशाला आनली?"

आरडाओरडा ऐकून रखमाबाई धावत आल्या. नवरा शेजारणीच्या अंगणात, तोंडाला फडकं, गळ्यात माळ, मुठीत जवळा. त्यांनी एकच प्रश्न केला. "किती खाल्लात?"

भगवंतरावांना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी पंचा सोडला आणि सगळं सांगून टाकलं, पंखा, उदबत्ती, भुसा, सगळं. "चूक माझी आहे काशीबाई. करवत मी आजच देतो भंगारात." शेवटचं वाक्य बोलताना आवाज चिरकला आणि ते रखमाबाईंनाही ऐकू गेलं.

काशीबाईंचं मात्र लक्ष नव्हतं. त्या बादलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पसाभर जवळा घेतला, हुंगला, फुंकर मारून पाहिली. काहीच उडालं नाही. "भाऊ, याच्या मिशा कुटं गेल्या?"

मिशा गेल्या होत्या पाइपात. जवळ्याचे ते केसासारखे धागे काढायला बायकांना तो चोळत, सुपात पाखडत बसावं लागतं, आणि एवढं करूनही गिऱ्हाईक कटकट करतंच. इथे मिशा मोडून बारीक माती आणि भुशाच्या भुकटीबरोबर पुढे निघून गेल्या होत्या, आणि बादलीत राहिला होता नुसता जवळा. भुसा धरता न येणारी ती नालायक बादली जवळ्यासाठी जणू देवाने घडवली होती.

"राहिलेला पन करा," काशीबाई म्हणाल्या.

"मी? अहो, माझी माळ..."

"हात नका लावू. पायपानं करा."

रखमाबाईंनी आभाळाकडे बघितलं. मग स्वतःच वायर सरळ करायला वाकल्या.

दुसऱ्या दिवशी काशीबाईंचा जवळा बाजार भरता भरता संपला. "पावरहौसच्या सायबानं साफ केलेला," असं ओरडून विकला त्यांनी. मग आळीतल्या बायका पाट्या घेऊन येऊ लागल्या आणि भगवंतराव दुपारभर पडवीत, तोंडाला पंचा बांधून, जवळा साफ करू लागले. काशीबाई आता दिवसातून चारदा कुंपणाशी यायच्या, पण भंगाराचं नाव काढायची रखमाबाईंची सोय राहिली नव्हती. करवत चालायची ती फक्त सकाळी, वारा समुद्राकडे असताना, काशीबाईंनी "चालवा!" अशी हाक दिल्यावर. भगवंतराव त्या हाकेची वाट बघत तयार उभे असायचे. ओट्याची त्यांना आठवणही होत नव्हती.

देव्हारा झाला. कळस, महिरप, दोन्ही बाजूंना छोटे खांब. उचलून घरात आणला तेव्हा गावातली पाच मांजरं मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली आणि हलेनात. रखमाबाईंनी देव्हाऱ्यात डोकं घालून वास घेतला. भगवंतरावांनी खाली मान घातली. इतके दिवस त्याच पडवीत, त्याच हवेत उभं असलेलं ते लाकूड. साग कुठला, अख्खा देव्हारा जवळा झाला होता.

"चंदनाचं तेल लावतो," ते पुटपुटले. "नाहीतर दुसरा करतो."

काशीबाई अबोलीची वेणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "वास? कसला वास? मला तं काय येत नाय."

रखमाबाईंनी फ्रिजवरचा विठोबा दोन्ही हातांनी उचलला, पदराने पुसला आणि देव्हाऱ्यात नीट बसवला. मूर्ती अजिबात डुलली नाही. काशीबाईंच्या हातातली वेणी घेऊन त्यांनी महिरपीला घातली आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "राहू द्या. इथे आलो तेव्हा आपल्यालाही वास यायचा. त्यालाही होईल सवय."