पानावरचे हात

अठराशे शहात्तरच्या पावसाने घाटावर दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात बोरघाटाच्या रस्त्याने माणसांची रीघ खाली उतरू लागली. त्यातली बरीच खालापूरच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या आमराईत पडून राहिली. घर सुटलेले, पुढे चालायचे त्राण नाही. करमाळ्याकडची जयवंता आणि तिचा नवरा सहदेव त्यातलीच.

जयवंताला आता एकच काम उरले होते, सहदेवाला जगवायचे. घाटात त्यांच्या सोबतीच्या एका उपाशी बाईला कुणा दात्याने भाकऱ्या दिल्या होत्या. ती पोटभर जेवली आणि पोट धरून तिथेच मेली. जयवंताने ते डोळ्यांनी पाहिले होते. गावातली सोनाबाई तांदळाची पातळ पेज आणून देई, ती जयवंता निववून घोटाघोटाने नवऱ्याला पाजी. तो चिडे, "लेकराला पाजती तशी पाजतीस व्हय?" म्हणे. चिडतोय म्हणजे अंगात जीव येतोय, म्हणून ती मनातून हरखे. काल तर तो झाडाला टेकून आपला आपण बसला होता.

"उभा ऱ्हाईल गं तुझा घरधनी," सोनाबाई म्हणाली होती. "घाई तेवढी करू नको."

आणि रविवारी पुण्याच्या कॉलेजातली मुले आली.

मुले चांगल्या घरची होती आणि मनानेही चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेले बरे. वर्गणी काढून ती आगगाडीने कर्जतला उतरली आणि तिथून बैलगाड्यांत शिधा, भांडी अन् आचारी घालून आमराईत आली. भिकाऱ्याच्या हातावर टेकवल्यासारखे काही द्यायचे नाही, पाहुण्यासारखे जेवू घालायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी जमीन झाडली, पत्रावळी मांडल्या, भात, वरण, तूप आणि बुंदीचे लाडू केले. आणि पंगत म्हटली की आग्रह आलाच. पाहुणा पुरे म्हणतो आणि वाढणारा वाढतो, पाहुणा पानावर हात आडवे धरतो आणि वाढणारा फटीतून लाडू सोडतो, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. पुरे ऐकून जो थांबला तो चिक्कू, एवढे शिक्षण त्यांना कॉलेजात जाण्याआधीच मिळाले होते.

"घ्या पाटील!" सहदेवाच्या पानात लाडू ठेवत त्र्यंबक नावाचा मुलगा म्हणाला. हाच त्यांचा पुढारी.

सहदेव काही पाटील नव्हता. पण घाट उतरल्यापासून त्याला सगळ्यांनी 'ए' म्हणूनच हाकारले होते. सुगीला त्याच्याही अंगणात पंगती उठत आणि वाढायला तोच फिरे. त्याचे डोळे भरून आले.

"बास, मालक," जयवंता म्हणाली. "त्येस्नी सोसायचं न्हाई."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका," त्र्यंबक हसला. "आमची आईसुद्धा बाबांना असंच अडवते." आणि त्याने भातावर तुपाची धार धरली.

जयवंताने उठून दोन्ही हात नवऱ्याच्या पानावर आडवे धरले. आता मात्र मुलांना भलताच चेव आला. त्र्यंबकाने तिच्या बोटांच्या फटीतून लाडू सोडला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अवं, नगा खाऊ," ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "माझ्या गळ्याची आन हाय."

"पोरं मानानं वाढत्यात," सहदेव म्हणाला. "अशा पंगतीतनं अर्ध्या पानावर उठू व्हय?" आणि तो सगळे जेवला.

दुपार कलताना त्याच्या पोटात कळ उठली. मुले तेव्हा गाडी गाठायला निघून गेली होती. सोनाबाई पेजेचे गाडगे घेऊन आली तेव्हा जयवंता त्याचे डोळे मिटत होती.

पुढच्या रविवारी मुले पुन्हा आली. त्र्यंबकाने जयवंताला लगेच ओळखले.

"पाटील कुठं आहेत?"

"गेलं. तुमी वाढलं त्याच दिशी. पोटानं गेलं."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने हात जोडले. "निदान तृप्त होऊन गेले, वहिनी. उपाशी नाही गेले."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. जयवंताला रडू आले नाही, इतका तिला संताप आला. त्याचा गळा धरावा असे वाटले, पण त्याचेही डोळे ओले होते. अशा माणसाचे करायचे तरी काय?

तिच्या शेजारी आदल्या दिवशीच घाट उतरलेला एक म्हातारा बसला होता. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. त्याच्या पानात भाताचा ढीग पडला, वर लाडू पडला.

"बाबा, दोन घास खा आन् थांब," ती म्हणाली. म्हाताऱ्याने पान आपल्याकडे ओढून घेतले. तेव्हा जयवंताने त्याच्या पानातला लाडू उचलून मातीत फेकला, भात दोन्ही हातांनी उपसला आणि तोही फेकला.

"सटवे, माझ्या तोंडचा घास!" म्हातारा ओरडला. पंगतभर शिव्या सुरू झाल्या. कुणी म्हणाले, नवरा मेला म्हणून दुसऱ्याचे बघवत नाही. दोघा मुलांनी तिला दंडाला धरून उठवले आणि बैलगाड्यांच्या पलीकडे नेऊन बसवले.

"कुणी मारू नका रे," त्र्यंबक कळवळून म्हणाला. "दुःखानं भ्रमिष्ट झालीय बिचारी."

मग तो म्हाताऱ्याकडे वळला. झाल्या अपमानाची भरपाई म्हणून त्याने नवे पान मांडले आणि दुप्पट वाढले. गाडीच्या चाकाआडून जयवंताला सगळे ऐकू येत होते.

"घ्या बाबा, अजून एक. आमच्यासाठी."

"पुरे, लेकरा," म्हातारा थोड्या वेळाने म्हणाला. "आता खरंच पुरे."

आणि पंगतीत हशा पिकला.