मॅकफेलांची हनुवटी

कॅनडातल्या आमच्या ग्लेनगॅरीत माणसाला नाव विचारत नाहीत, "तू कुणाची?" असं विचारतात. आणि उत्तर एका नावात भागत नाही. दर ऑगस्टमध्ये सगळे मॅकफेल चर्चच्या हॉलमध्ये जमतात. हॅम, बटाट्याचं सॅलड, रुबार्ब घातलेली आंबटगोड पाई पोटात ढकलून झाले की घरातलं जाणतं माणूस उभं राहतं आणि पिढ्या म्हणतं. अमका तमक्याचा, तमका ढमक्याचा, असं करत थेट समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडातल्या डोंगरापर्यंत. कागद बघून म्हणणाऱ्याला आमच्यात अर्धवट समजतात.

इतकी वर्षं हा मान म्युरिएल आत्याचा. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशीची. यंदा तिचा आवाज बसला म्हणून तिने मान माझ्याकडे दिला. मला तर पिढ्या पाळण्यातच पाठ झालेल्या. "जॅनेट डोनल्डची, डोनल्ड अ‍ॅलेकचा, अ‍ॅलेक ह्यूचा आणि नेटीचा, नेटी डंकनची, लॉख टेच्या काठच्या मॅकफेलांतली." नेटी माझी पणजी. आईबाप गेले म्हणून स्कॉटलंडातल्या त्या लॉख टे तळ्याकाठून इकडच्या भाऊबंदांनी आणलेली पोरकी पोर, पुढे याच घरची सून झालेली. म्हणजे आम्ही दोन्हीकडून मॅकफेल. आत्या माझी हनुवटी चिमटीत धरून पाहुण्यांना दाखवायची. मधोमध खळी असलेली, पुढे आलेली. "बघा, अस्सल लॉख टेची! ही नेटीकडून आली."

मान मिळाल्यावर मला हौस सुटली. म्हटलं, पणजीचं वय, गाव, सगळं नीट माहीत करून घ्यावं. जुन्या जनगणनेचे कागद आता घरबसल्या बघता येतात. आमचं शेत सापडलं. म्हातारे मॅकफेल, त्यांची बायको, मुलगे, गडी, आणि गड्याच्याही खाली नेटी. वय दहा. घरकामाची पोर. जन्म इंग्लंड.

पुढच्या जनगणनेत तीच नेटी, तेच घर, आता ह्यूची बायको, जन्म स्कॉटलंड. बाई घराबाहेर न पडता तिचा देश बदलला होता.

मी जिद्दीने मागे लागले. लंडनच्या एका अनाथाश्रमाने जहाज भरून पोरं इकडच्या शेतांवर कामाला पाठवली होती, त्यांत ती सापडली, नेटी पास्क. तिच्या खालोखाल अल्बर्ट पास्क, तिचा थोरला भाऊ. बंदरावर उतरल्यावर दोघांना दोन दिशांना वाटून टाकलेलं. अल्बर्टचा माग पार पश्चिमेकडच्या सस्काचेवान प्रांतापर्यंत लागला आणि मी त्याची नात मार्लीन हिला फोन लावला. पलीकडून ती म्हणाली, "आजोबांनी जन्मभर तिला शोधलं हो. एकदा तुमच्याकडे आले होते आणि हात हलवत परतले. त्या दिवशी तिथे काय झालं ते मला ऐकायचंय. ऑगस्टमध्ये येऊ का?"

मी 'या' म्हटलं, आणि गाडी काढून थेट आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

"आत्या, नेटी पणजी इंग्लंडची होती. अनाथाश्रमातली."

"जनगणनेचा माणूस फ्रेंच होता." आत्या चहा ओतत राहिली. "त्या मेल्याला काय कळतंय कुठलं स्कॉटलंड न् कुठलं इंग्लंड!"

"जहाजाच्या यादीतसुद्धा फ्रेंच माणूसच होता का? तिला भाऊ होता, आत्या. अल्बर्ट. तो इथे आला होता."

आत्याने कपात साखर घातली, ढवळली, परत घातली. मग हनुवटी वर केली. अभिमानाचं काही बोलायचं असलं की ती तशी करते. या वेळी मात्र ती लगेच खाली घेतली.

"मी सात वर्षांची होते," ती शेवटी म्हणाली. "आजी पीठ मळत होती. शेताच्या वाटेने तपकिरी हॅटवाला एक माणूस चालत आला. आजीने खिडकीतून बघितलं न् पांढरीफटक पडली. म्हणाली, 'जा, सांग त्याला, इथे कुणी नेटी नाही. कधी नव्हतीच.' मी गेले न् सांगितलं."

"आणि तो?"

"माझ्याकडे बघतच राहिला. मग खिशातून संत्रं काढून माझ्या हातात दिलं न् गेला. लढाईचे दिवस गं ते. संत्रं डोळ्यांनी बघायला मिळत नव्हतं. धान्यकोठाराच्या मागे बसून खाल्लं मी, सालीसकट."

"पण तिने असं का करावं? सख्खा भाऊ!"

"तुला काय माहीत? आश्रमातल्या पोरांना इथे गटारातली घाण म्हणायचे. शाळेत तिला दगड मारलेत लोकांनी. म्हाताऱ्या मॅकफेलीणबाईंनी तिला सून करून घेताना आपल्यातली पिढी दिली, लॉख टेच्या मेलेल्या डंकनची लेक म्हणून. ती पिढी होती म्हणून आम्हाला कुणी बोट लावलं नाही. भाऊ आत आला असता तर सगळंच गेलं असतं."

हे मला समजत होतं. नेटीचा राग येत नव्हता. पण एक गोष्ट सलत होती.

"आणि मी लॉख टेला गेले तेव्हा? दोन वर्षं पैसे साठवून गेले होते मी. तू जॅमच्या बाटलीत आपल्या शेतातली माती भरून दिलीस. म्हणालीस, डंकनच्या थडग्यावर घाल. मी तिथे गुडघे टेकून ढसाढसा रडले, आत्या! कुणा परक्या माणसाच्या थडग्यावर! तिथून तुला फोन केला तर तू म्हणालीस, माझ्यासाठीही प्रार्थना कर. आणि मी केली!"

"तू इतकी खूश होतीस," आत्या हळूच म्हणाली.

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळं होतं. हिने मांडीवर बसवून, हनुवटी कुरवाळून, केसाने गळा कापला होता. आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारखी बोलत होती.

मी उठले तशी तिने मनगट धरलं. "पिढ्या होत्या तशाच म्हण. आणि त्या बाईला सांग, नेटी त्या दिवशी घरात नव्हती. बाजाराला गेली होती. तिच्याही जिवाला बरं वाटेल."

"अजून किती जणांच्या जिवाला बरं वाटायला लावणार आहेस?" मी हात सोडवून घेतला.

ऑगस्टमध्ये मार्लीन आली. गाडीतून उतरली. मधोमध खळी असलेली, पुढे आलेली हनुवटी. माझा एक चुलतभाऊ कॉफीचा कप घेऊन पुढे झाला. "तू कुणाची गं? थांब, सांगू नकोस. हनुवटीच सांगतेय, आपलीच आहेस!" मार्लीन हसली. मला हसू आलं नाही.

जेवणं झाली. मी उभी राहिले. समोर पहिल्या रांगेत आत्या, तिच्या शेजारी, नशिबाची थट्टा म्हणजे, मार्लीन. मी सुरुवात केली. "जॅनेट डोनल्डची, डोनल्ड अ‍ॅलेकचा, अ‍ॅलेक ह्यूचा आणि नेटीचा. नेटी..."

आत्याने मान हलवली. नको.

"नेटी पास्क," मी म्हणाले. "लंडनच्या अनाथाश्रमातली. आईबापांची नावं आपल्याला माहीत नाहीत. अल्बर्टची बहीण."

माझा चुलतभाऊ तोंड उघडं टाकून बघत होता. मार्लीन बसल्या जागेवरूनच बोलली, "आजोबा आले त्या दिवशी ती घरात होती?"

"होती. खिडकीत. 'इथे कुणी नेटी नाही' हा निरोप तिचाच."

मार्लीनचा चेहरा उतरला. "ती घरात होती हे आजोबांना कळलं होतं," ती म्हणाली. "दारात आलेल्या पोरीला नेटीचीच हनुवटी होती. पण ते मरेपर्यंत म्हणत राहिले, घरच्यांनी तिला कोंडून ठेवलं. नेटी असं करणार नाही. नेटी माझ्याशी असं करूच शकत नाही."

मला वाटलं, खरं सांगून मी त्या मेलेल्या माणसाला दारातून दुसऱ्यांदा परत पाठवलं. आत्याच्या कुशीत घुसून रडावं असं वाटलं, आणि तिचा रागही तेवढाच आला.

मार्लीनने डोळे पुसले. "एकच विचारायचंय. त्यांनी त्या पोरीजवळ एक संत्रं दिलं होतं. म्हणाले होते, 'आजीला दे.' नेटीला संत्रं फार आवडायचं, जहाजावर एकदाच मिळालं होतं दोघांना. ते तिला मिळालं का?"

आजीला दे. म्हणजे त्या दिवशी स्वयंपाकघरात, सगळं ओकून टाकल्याचा आव आणतानाही, एवढं एक आत्याने माझ्यापासून दडवून ठेवलं होतं.

आत्याने हनुवटी वर केली. बसलेल्या आवाजात, पण अगदी स्वच्छ बोलली, "ती पोरगी मीच. दिलं मी आजीला. सोलून दोघींनी मिळून खाल्लं. आजी खाताना रडत होती."

मार्लीनने तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली. मग ओल्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे पाहिलं. "खरंच? तुम्हाला सांगितलं होतं यांनी?"

अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. आत्याही बघत होती.

मी हनुवटी वर केली. "हो," म्हणाले. "दोघींनी मिळून खाल्लं."