दगडावरची सात फुलं

चिमणने पंप बंद केला, बाही कोपरापर्यंत सारली आणि सिरिंज पाण्यात घातली. गॅरेजात पाने फिरवून राठ झालेल्या त्याच्या बोटांत ती हरवूनच गेली.

"काय चाललंय तुझं?" टाकीसमोरच्या खुर्चीतून आत्याने विचारलं.

नाव चिमण, उंची सहा फूट. खाऱ्या पाण्याची ही टाकी त्याने चार महिन्यांपूर्वी मांडली होती. आधी वाळूवर तपकिरी साय धरली, मग दगडांवर हिरवे केस उगवले. नव्या टाकीचं असं व्हायचंच, म्हणून त्याने धीर धरला. माशांचं खाणं कमी केलं, थोडं थोडं पाणी बदललं, केस हाताने उपटले. सगळं आटोक्यात आलं. पण या आठवड्यात दोन प्रवाळं मिटली, ती उघडेनातच.

"तुझी ती फुलं आहेत ना आत्या, ती फुलं नाहीत, जीव आहेत. शेजारच्या प्रवाळांना डंख मारतात. आज कळलं मला."

आत्या काचेकडे वाकली. पहिलं फूल तिनेच शोधलं होतं. काचेसारखं, नाजूक पाकळ्यांचं. रोज सकाळी ती त्याच्याशी दोन शब्द बोलायची. मोडलेलं खुब्याचं हाड कधीच जुळलं होतं, पण 'पडेन' एवढं म्हणून ती खुर्चीला चिकटली होती. वॉकरशिवाय तीन मिनिटं उभ्या राहा, म्हणून व्यायाम शिकवणारी बाई महिनाभर विनवत होती. पालथ्या घड्यावर पाणी.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"दोन दिसली मला."

"सात आहेत. उपटून टाक मग."

"तुकडा राहिला तर एकाची दहा होतात. त्यांच्या तोंडात चुना सोडावा लागतो."

त्याने सुई एका फुलाजवळ नेली. फूल सुळकन दगडात शिरलं आणि चुन्याचा पांढरा ढग पाण्यात पसरला.

"वरून नको. सावली पडते तुझी. बाजूने जा."

दुसऱ्यालाही तेच झालं.

"चिमण, इंजिन नाही ते."

मागे खुर्ची करकरली. त्याच्या खांद्याजवळून एक सुरकुतलेला हात पुढे आला आणि त्याने सिरिंज काढून घेतली.

"टॉर्च धर."

हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नर्स होती ती. डाव्या हाताने तिने टाकीची कड धरली. सुई फुलाजवळ थांबली, त्याला जणू सवय होऊ दिली, मग अलगद तोंडाशी टेकली. अंगठा हलला. पाकळ्या मिटल्या त्या मिटल्याच.

"झालं हं," ती फुलाला म्हणाली. मग चिमणकडे न बघता, "पुढचं."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. वॉकर भिंतीला टेकलेला होता, खुर्चीच्याही पलीकडे. बायको ताटं घेऊन दारात आली, तिने बघितलं आणि तोंड उघडलं. चिमणने हळूच मान हलवली. ती ताटं तशीच धरून उभी राहिली.

तिसरं झालं, चौथं झालं. दडलेली दोन्ही पुन्हा डोकावेपर्यंत आत्या वाट बघत उभी राहिली. तीही झाली.

"सातवं दगडामागे आहे," ती म्हणाली आणि कडेकडेने निघाली. एक पाऊल. दुसरं. कोपऱ्यावर तिने कड सोडली आणि पलीकडची धरली.

चिमण टॉर्च घेऊन मागोमाग होता.

"माझ्या पायांवर काय उजेड पाडतोयस?" आत्या म्हणाली. "पाण्यात धर."