मागचं इंजिन

रंगनाथने वॉकीटॉकीचा आवाज वाढवला आणि लगेच परत कमी केला.

"बँकर, तयार?" पुढच्या इंजिनातून विचारणा झाली.

शेजारी बसलेल्या पूजाने त्याच्याकडे पाहिलं. ती त्याची सहायक, दोन लेकरांची आई, उगीच बोलणाऱ्यातली नाही.

"काका, हर्षलदादा हाय वाटतं."

"तोच आहे," रंगनाथ म्हणाला आणि बटण दाबलं. "बँकर तयार."

कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारी मालगाडी पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही. मागून ढकलायला आणखी एक लावतात, तो बँकर. घाट संपला की त्याला सोडवतात. गाडी मनमाडकडे निघून जाते आणि बँकर एकटाच खाली येतो. अकरा वर्षं रंगनाथ हेच करत होता. एवढ्या गाड्या वर चढवल्या, पण एकीचंही तोंड कधी धड पाहिलं नाही.

आज पुढे मुलगा होता. मध्ये पंचेचाळीस डबे आणि दीड वर्षाचा अबोला.

तेव्हाही दोघे असेच एका गाडीला होते. कसाऱ्याला स्टेशनातला माणूस निरोप घेऊन आला, मालिनी गेली. नाशिकरोडला, घरातच, चहा टाकता टाकता. रंगनाथने ऐकून घेतलं आणि बायको गेल्याचं मुलाला कळवलंच नाही. चढणीवर चालवणाऱ्याचं लक्ष ढळून कसं चालेल? शिवाय वॉकीटॉकीवर सगळेच ऐकतात, त्यावर आईचं मरण सांगायचं? वर पोचल्यावर जवळ बसवून सांगू, असं त्याने ठरवलं. इगतपुरीला बँकर सुटताच तो उतरून खडीतून पुढे धावला. निम्म्या डब्यांपर्यंत पोचला तोच सिग्नल मिळाला आणि गाडी हलली. हर्षलला मनमाडला भलत्याच माणसाकडून कळलं.

अग्नी देऊन झाल्यावर त्याने विचारलं होतं, "घाट चढताना तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि माझ्या शिट्टीला तुम्ही शिट्टी देत होतात."

मग बायकोला, वल्लरीला घेऊन तो मनमाडलाच राहायला गेला. फोनसुद्धा नाही. रंगनाथ रोज दोघांचा भात लावायचा आणि उरलेला सकाळी खायचा. एका माणसाला किती तांदूळ घ्यायचे, हे त्याला अजून जमत नव्हतं. संध्याकाळी घर नुसतं खायला उठायचं.

पुढून लांब शिट्टी आली. रंगनाथने तशीच दिली आणि जोर लावला. पुढच्या महिन्यात हर्षलची भुसावळच्या पलीकडे बदली होणार, असं त्याच्या कानावर आलं होतं. म्हणजे पुन्हा हा घाट नाही, की ही गाठ नाही. आज वर पोचलो की बोलायचंच. 'माझं चुकलं रे.' बोगदा आला की अंधारात तो हे पुटपुटून बघायचा. पूजाला ऐकू जात असावं, पण ती समोर बघत राहिली.

इगतपुरीला बँकर सुटला. सिग्नल अजून लाल होता. रंगनाथने दार उघडून एक पाय पायरीवर ठेवला. खडीतून धावणं आता गुडघ्यांना जमणार नव्हतं, तरी तो उतरायला लागला.

"अण्णा."

तो तसाच थांबला. दीड वर्ष हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता. पूजाने वॉकीटॉकी त्याच्या हातात दिला.

"वल्लरीला मुलगी झाली, अण्णा. कसाऱ्याला उभे होतो तेव्हाच कळलं. म्हटलं, घाटात नको सांगायला."

एवढे सगळे ऐकत असणार. रंगनाथने दोनदा बटण दाबलं आणि सोडलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. पाठ केलेलं वाक्य राहूनच गेलं.

सिग्नल मिळाला. गाडी हलली आणि पुढून एक लांब शिट्टी आली. सुटलेल्या बँकरने तिला उत्तर द्यायचं नसतं. रंगनाथ आत आला आणि त्याने दिलं.